जुन्या जिप्सीची उंची विकणारे

‘दोन इंच करायची की पाच?’ जुनी मारुती जिप्सी घेऊन गॅरेजात शिरलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. गाडी कुठे चालवणार, मागे किती सामान भरणार, टायर कोणते घालणार, यातलं काहीही न विचारता जो इंच विकायला बसतो, त्याला सस्पेन्शन कळत नाही. किंवा कळतं, पण गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसतं. हे दुसरं जास्त संतापजनक आहे.

जिप्सीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल आहे आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. चेसिस हवी तितकी वर उचला, डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगडावर आपटतो तो हाच गोळा. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तोही व्यासात जेवढी वाढ होईल तिच्या निम्म्यानेच. २०५/७० आर १५ च्या जागी २१५/७५ आर १५ टायर घातला, तर व्यास साधारण ३५ मिलिमीटरने वाढतो आणि गोळ्याखाली मिळतात जेमतेम १८. पाच इंचांचे पैसे मोजणाऱ्या किती जणांना हा हिशेब आधी सांगितलेला असतो? लिफ्टमुळे, म्हणजे चेसिस उचलल्यामुळे, मोठ्या टायरला जागा होते, चेसिसचं पोट आणि बंपर चढउतारावर टेकत नाहीत. हा फायदा खरा आहे, पण तो एवढाच आहे.

सगळ्यांत स्वस्त आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त खपणारा माल म्हणजे लांब शॅकल, पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा. शॅकल दोन इंचांनी लांब केला की गाडी उचलते एकच इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. पुढचा ॲक्सल मात्र त्यामुळे फिरतो, कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं. ताम्हिणी घाटाच्या ओल्या वळणांवर अशी भरकटणारी गाडी घेऊन घरची माणसं बसलेली असतात. कॅस्टर परत आणायला पोलादी पाचरी बसवाव्या लागतात. शॅकल विकणारा त्यांचं नावही काढत नाही.

दुसरा उपाय पाट्यात जादा पान घालण्याचा. गाडी उंच होते, आणि दगडासारखी ताठही. जिप्सीची दोन्ही डिफरन्शियल उघडी आहेत: एक चाक हवेत लटकलं की सगळी फिरकी त्याच चाकाकडे जाते आणि जमिनीवरचं चाक गप्प राहतं. खडकाळ वाटेवर गाडी पुढे जाते ती चाकं जमिनीला चिकटून राहिली तरच. ताठ पाटा नेमकं तेच होऊ देत नाही. म्हणजे ज्या कामासाठी पैसे घेतले, तेच काम बिघडवून गाडी परत दिली जाते!

आणि ॲक्सलखालचे पाटे काढून ॲक्सलच्या वर बसवण्याचं ते काम. त्याने साधारण पाच इंच मिळतात. ते नीट करता येतं, हे मी मान्य करतो. पण नीट करायचं तर स्टिअरिंगचा रॉड, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचे कोन, ब्रेकचे होज, हौसिंगवरचं वेल्डिंग, सगळ्याचा विचार नव्याने करावा लागतो. रेस दिल्यावर पाटा इंग्रजी ‘एस’सारखा पिळतो, त्याचाही बंदोबस्त हवा. अरुंद जिप्सी डगमगते म्हणून मारुतीने १९९३मध्ये चाकांमधलं अंतर वाढवलं. त्याच गाडीचा गुरुत्वमध्य पाच इंच वर नेणाऱ्याने निदान मालकाला समोर बसवून हे समजावलं पाहिजे.

पंचवीस वर्षं राबलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात, बुश झिजलेले असतात. बऱ्याच जणांना जी ‘लिफ्ट’ हवी असते, ती मुळात गाडीची हरवलेली उंची असते. नव्या पाट्यांनी आणि बुशांनी ती परत मिळते. त्याहून जास्त हवं असेल तर पॅराबोलिक पाटे घ्या. पानं कमी, घर्षण कमी, म्हणून चाक मोकळेपणी खालीवर होतं. शॉकअप सगळ्यांत शेवटी निवडायचे, तेही पाटे बसवल्यावर: चाक पूर्ण दाबून एकदा आणि पूर्ण लटकवून एकदा मोजायचं. बंप स्टॉपच्या आधी शॉकअप तळाला लागला तर तो फुटतो; आखूड पडला तर चाक त्यालाच लटकतं. ब्रेकचा होज चाक लटकलेलं असतानाच ताणून बघायचा. हे मोजमाप न करता डबाबंद किट चढवणं हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत मालक मोजतो.

कायद्याबद्दलही हे विक्रेते तोंड मिटून असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. अपघात झाला की प्रश्न विचारले जातात ते मालकाला. म्हणून पाटे घेताना बिलावर लिहून मागा: पाट्याची मोकळी कमान किती, किती वजनासाठी बनवला, शॉकअपची दाबलेली आणि ताणलेली लांबी किती. जो हे लिहून देत नाही, त्याच्या गॅरेजातून गाडी तशीच बाहेर काढा.