हातात घेतली म्हणजे बाळगली

दोन वर्षांपूर्वी पुतण्याकडे अमेरिकेत गेलो होतो. तो एच-१बी व्हिसावर नोकरीला, मी पर्यटक व्हिसावर पाहुणा. लास व्हेगासला पोचल्यावर तो मला मोठ्या हौसेनं एका शूटिंग रेंजवर घेऊन गेला. "काका, तुमचं आयुष्य रेंजवर गेलं, इथली पण बघून घ्या." काउंटरवरच्या माणसानं आमच्यापुढे दोन फॉर्म सरकवले. पुतण्यानं पेन उचललं आणि ओळीनं सगळीकडे 'नाही'वर खुणा करत सुटला. गुन्हा दाखल आहे का, नाही. अमली पदार्थ घेता का, नाही. पुढच्या एका ओळीवर मी त्याचं मनगट धरलं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर या देशात आला आहात का, असा साधा प्रश्न होता.

"अहो काका, आपण कुठे विकत घेतोय? अर्धा तास भाड्यानं."

आम्ही फॉर्म परत दिले आणि काचेमागे बसून कागदी पेल्यातली कडवट कॉफी प्यालो. समोरच्या लेनवर इंग्लंडहून आलेलं एक जोडपं पिस्तूल चालवत होतं. डन्ब्लेनच्या शाळेतल्या १९९६च्या हत्याकांडानंतर ब्रिटननं हँडगन जवळजवळ हद्दपार केल्या, म्हणजे या दोघांना घरी जे शिवताही येत नाही ते इथं राजरोस हातात होतं. आणि ज्याच्या कपाटात तीन परवान्यांच्या झेरॉक्स आहेत तो मी काचेच्या या बाजूला.

हा अंक हाती पडेल तेव्हा अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या बॅगा भरणं सुरू झालेलं असेल. गेल्या वर्षभरात कोच मंडळींकडून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा : 'तिकडे गेल्यावर परदेशी माणसाला बंदूक विकत घेता येते का?' प्रश्नातलं 'विकत' हेच घोळ घालतं. अमेरिकेचा केंद्रीय कायदा खरेदीपाशी सुरू होत नाही, बाळगण्यापाशी सुरू होतो. ज्याला बाळगायला बंदी आहे त्यानं बंदूक विकत घेतली, भाड्यानं घेतली, मित्राची हातात घेतली की रेंजवर पाच मिनिटं उचलली, यात कायदा फरक करत नाही. आणि बंदी नुसत्या बंदुकीवर नाही, काडतुसावरही आहे. एका काडतुसावरसुद्धा.

व्हिसावर आलेल्या परदेशी माणसावर ही बंदी पहिल्यापासून नव्हती. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनं गुन्हेगार आणि बेकायदा राहणारे यांना दूर ठेवलं होतं. रीतसर व्हिसावर आलेला पाहुणा त्यात नव्हता. २३ फेब्रुवारी १९९७ला न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या ८६व्या मजल्यावर अली अबू कमाल नावाच्या ६९ वर्षांच्या पॅलेस्टिनी शिक्षकानं गोळीबार केला. एक जण गेला, सहा जखमी झाले, मग त्यानं स्वतःला संपवलं. काही आठवड्यांपूर्वीच तो देशात आला होता. फ्लोरिडातल्या मेलबर्न गावी एका मोटेलचा पत्ता देऊन त्यानं राज्याचं ओळखपत्र काढलं होतं आणि त्याच गावात पिस्तूल विकत घेतलं होतं. पुढच्या वर्षी, १९९८मध्ये, काँग्रेसनं कायद्यात भर घातली : नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही.

बी-२ पर्यटक, एफ-१ विद्यार्थी, एच-१बी, एल-१ हे सगळे या एका शब्दात आले. ग्रीन कार्डवाले नाहीत. त्यांना नागरिकांसारखीच दुकानातली चौकशी आणि राज्याचे नियम. गंमत पुढे आहे. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांचे पर्यटक व्हिसाशिवायच येतात. मग ते 'व्हिसावर आलेले' ठरतात का? अमेरिकी न्याय खात्यानं शब्द शब्दासारखा वाचला आणि ठरत नाहीत असं मत दिलं. २०१२मध्ये नियम तसे बदलले. दुकानातून घ्यायला त्यांना राज्यातला रहिवास दाखवावा लागतोच, पण रेंजवर बंदूक हातात घ्यायला आडकाठी उरली नाही. भारत त्या यादीत नाही. काचेच्या दोन बाजूंचं कोडं हे असं आहे, त्यात आपल्यावरचा अविश्वास वगैरे शोधू नये.

बंदीला वाटा आहेत. परदेशी सरकारचे अधिकृत प्रतिनिधी, कामावर आलेले पोलीस हे आपल्या कामाचे नाहीत. आपल्या कामाच्या दोन : एक, शिकारीसाठी किंवा खेळासाठी म्हणूनच देशात प्रवेश मिळालेला असणं, आणि दुसरी, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना खिशात असणं. शिकार केलीच पाहिजे असं नाही, परवाना असला की झालं. बऱ्याच राज्यांत तो घरबसल्या ऑनलाइन मिळतो. आपल्याकडे शस्त्रपरवान्यासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही.

हीच वाट धरून सौदी हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यानं फ्लोरिडात पिस्तूल कायदेशीर विकत घेतलं आणि ६ डिसेंबर २०१९ला पेन्साकोलाच्या नौदल तळावर तिघा नौसैनिकांना मारलं. त्यानंतर वाट बंद करा अशी ओरड झाली, पण शिकारीच्या परवान्याचा अपवाद कायद्यातून गेला नाही. माझं मत विचाराल तर अपवाद विचित्र आहे : ज्याला संशयानं बाहेर ठेवलं त्याला किरकोळ फी घेऊन आत सोडायचं. पण कायदा आपण केलेला नाही. आपल्या मुलांना तो नीट सांगणं एवढंच आपल्या हातात आहे.

आणि सांगायची गरज वाढली आहे. स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणल्यापासून एअर रायफलवाली मुलंही पॉइंट टू-टूकडे बघू लागली आहेत. तिकडच्या कॉलेज नेमबाजीत, म्हणजे एनसीएएत, संघाला एअर रायफल आणि स्मॉलबोअर, म्हणजे पॉइंट टू-टू, दोन्ही खेळावं लागतं. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, टीसीयू ही नावं आता आपल्या मुलांच्या तोंडी असतात. केंद्रीय कायद्याची 'फायरआर्म'ची व्याख्या स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणाऱ्या शस्त्राची आहे. त्यामुळे हवेवर चालणारी एअर रायफल तिच्यात बसत नाही, पॉइंट टू-टू बसते. म्हणजे एफ-१ वर गेलेली तुमची विद्यार्थिनी सकाळी एअर रायफलच्या सरावाला निर्धास्त उभी राहील, आणि दुपारी त्याच हॉलमध्ये स्मॉलबोअर उचलायच्या आधी तिच्याकडे शिकारीचा परवाना किंवा दुसरा लागू अपवाद असला पाहिजे. तिथल्या कोचला पहिल्याच मेलमध्ये हे विचारायला सांगा. तो सगळं बघून घेईल, असं धरून चालू नका.

एअर रायफलचंही सरसकट सुटलं असं नाही, कारण राज्याराज्यांचं वेगळं आहे. न्यू जर्सीत, जिथं आपली निम्मी मावस-चुलत भावंडं राहतात, राज्याच्या कायद्यात एअरगनसुद्धा फायरआर्म धरली जाते आणि खरेदीला पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं. तेव्हा एडिसनच्या मामांनी भाच्यासाठी शेजारच्या राज्यातून स्वस्तात एअर रायफल आणून ठेवण्याचा प्रेमळ बेत आखला असेल, तर आधी मामांना फोन करा.

पुण्यातल्या एका कोचनी मला सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला होता : अमेरिकेत माहीत नसेल तर सुटतो ना माणूस? तो निकाल म्हणजे २०१९चा रेहाइफ खटला. संयुक्त अरब अमिरातींतून आलेला विद्यार्थी नापास झाला, कॉलेजनं काढलं, आणि त्याबरोबर देशात राहण्याचा हक्क गेला. त्यानंतर तो रेंजवर गेला आणि दोन बंदुका चालवल्या. गाव पुन्हा तेच, मेलबर्न, फ्लोरिडा. कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की बंदूक बाळगतोय हे माहीत होतं एवढं पुरत नाही. आपण देशात बेकायदा राहतो आहोत हेही त्याला माहीत होतं, असं सरकारनं सिद्ध करायला हवं. निकाल मोलाचा आहे, पण आपल्या मुलांना त्याचा आधार नाही. आपण व्हिसावर आहोत हे कुठल्या विद्यार्थ्याला माहीत नसतं? कायदा माहीत नव्हता, ही सबब तिथंही चालत नाही. शिक्षा २०२२पासून १५ वर्षांपर्यंत वाढली आहे, आणि शिक्षेच्या आधी किंवा नंतर देशाबाहेर काढण्याची टांगती तलवार आहेच.

उलट दिशेचंही थोडं. परदेशी पाहुणा आपल्याकडे आला तर? १९५९च्या आपल्या शस्त्र कायद्याच्या १०व्या कलमात ठरावीक देशांच्या खऱ्या पर्यटकाला, फक्त खेळासाठी, बेताच्या प्रमाणात शस्त्र आणि काडतुसं परवान्याशिवाय सोबत आणायची सवलत आहे. पर्यटक म्हणजे सहा महिन्यांहून जास्त न राहणारा. हे लिहिलं गेलं तेव्हा विदर्भात परदेशी शिकारी येत, नागपूरची ॲल्विन कूपर कंपनी त्यांच्या सफारी लावून देई. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते दिवस संपवले, कलम राहिलं. ते सोबत आणण्यापुरतं आहे. आपल्या दुकानातून विकत घ्यायला परदेशी माणसालाही परवानाच लागतो. तुमच्या क्लबात जर्मन पाहुणा 'एक विकत मिळेल का' म्हणाला तर उत्तर इतकंच आहे.

आपल्याकडची न्यायालयं बाळगण्याचा अर्थ काय लावतात, हेही मुलांना माहीत हवं. १९७२च्या गुणवंतलाल खटल्यापासून सुप्रीम कोर्ट म्हणत आलं आहे की ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. म्हणूनच विमानतळावर बॅगेच्या तळाशी एखादं विसरलेलं काडतूस सापडलेले कित्येक जण उच्च न्यायालयात सुटतात. पण त्याआधी गुन्हा दाखल होतो, विमान जातं, कॉलेजची नोंदणीची तारीख जाते.

गेल्या महिन्यात आमच्या क्लबातली एक मुलगी निघायची होती. मी तिला म्हटलं, किट बॅग इथंच उलटी कर. ती म्हणाली, "सर, मी दोनदा बघितलीय." तरी केली. हातमोजा, दोन ब्लाइंडर, स्लिंग, वाळलेलं लिंबू, सरावाची वही. मग शूटिंग जॅकेट झटकलं. उजव्या खिशाचं अस्तर एका कोपऱ्यात उसवलेलं होतं, आणि त्याच्या आत, कॅनव्हास आणि अस्तराच्या मध्ये, बोटाला टणक काहीतरी लागलं. पॉइंट टू-टूची तीन जिवंत काडतुसं. कुठल्या स्पर्धेतली, तिला आठवेना. रजिस्टर काढलं, तारीख घातली, तीन नग जमा असं लिहिलं, तिची सही घेतली आणि शिवणाची सुई-दोरी तिच्या हातात दिली.