वैमानिकांच्या विश्रांतीवर राग काढू नका, विमान कंपनीला हिशेब विचारा!

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिवसाला मोजकीच विमाने उडतात. त्यातले एक रद्द झाले की उरते ती रेल्वे, नाहीतर समृद्धी महामार्ग. त्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची देशभरात हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या ‘लाडां’वर अनेकांनी राग काढला. राग समजू शकतो, पण पत्ता चुकला.

नेमके काय बदलले?
डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये ड्युटीचे नवे नियम आणले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी रखडली. वैमानिक संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात लढा दिला, तेव्हा कुठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. तयारीला दीड वर्षाहून जास्त वेळ मिळूनही इंडिगोकडे वैमानिक कमी पडले. वर रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलतही तिलाच मिळाली.

विश्रांती इतकी महत्त्वाची का?
२०१० मध्ये मंगळुरूच्या अपघातात १५८ जणांचा जीव गेला. त्या विमानाच्या कॉकपिट रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज सापडला होता.

लहान शहरांचा संबंध काय?
लहान मार्गांवरचे वैमानिक एका दिवसात अनेकदा टेकऑफ-लँडिंग करतात, आणि सर्वाधिक लक्ष तिथेच लागते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी असे मार्ग कमी पगार देणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे सोपवले. संघटनांनी करारांतून त्याला मर्यादा घातल्या. २००९ मध्ये अशाच एका कंपनीचे विमान बफेलोजवळ कोसळून ५० जण गेले. सहवैमानिक रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आली होती. त्यानंतर तिथले विश्रांतीचे नियम कडक झाले.

मग मागायचे काय?
इथून उडणाऱ्या जेट एअरवेजची सेवा २०१९ मध्ये आणि ट्रूजेटची २०२२ मध्ये बंद पडली, ती वैमानिक झोपले म्हणून नव्हे, कंपन्यांकडे पैसा उरला नाही म्हणून. नव्या विमानसेवेसाठी आपले लोकप्रतिनिधी आणि उद्योजक निवेदने देतात. त्यात एक ओळ वाढवावी: वेळापत्रक मंजूर करताना डीजीसीएने कंपनीकडे पुरेसे वैमानिक आहेत का, हेही तपासावे. कागदावरच्या दहा उड्डाणांपेक्षा रोज वेळेवर सुटणारी चार आपल्या जास्त कामाची.