‘पॅसेज कार्पेट’चं बिल कुणाच्या माथी, आणि पाय कुणाचा घसरणार?

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यातली कार्यालयं आणि लॉन्स गजबजायला लागतात. डेकोरेटरच्या कोटेशनमध्ये हल्ली एक ओळ हमखास असते : ‘पॅसेज कार्पेट’. म्हणजे दारापासून स्टेजपर्यंतचा तो लाल, नाहीतर रील बघून मागितलेला पांढरा पट्टा. फुलांच्या कमानीवर घरात तीन दिवस वाद होतात, या पट्ट्यावर कुणी एक मिनिट घालवत नाही. खरं तर अख्खी पंगत त्यावरून चालणार असते. नऊवारीतल्या काकू, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी, पळापळी करणारी पोरं, सगळे.

पट्टा बहुतेक वेळा नॉन-वोव्हन असतो, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे तंतू दाबून केलेला. हलका आणि स्वस्त. पण घड्या पडून आलेला असतो, कडा वर येतात, आणि गुळगुळीत फरशीवर अख्खाच सरकतो. सॅटिनचा पांढरा त्याहून वाईट. त्यात आपल्याकडे अक्षता! तांदूळ पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. लॉनवर वेगळीच गंमत : थंडीत संध्याकाळी दव पडतं, खालची जमीन उंचसखल, आणि हिल्स रुततात ते वेगळंच.

दुसरी भीती आगीची. एंट्रीला दोन्ही बाजूंनी ‘कोल्ड पायरो’ उडवतात. नाव कोल्ड असलं तरी त्या ठिणग्या तापलेल्या धातूच्या कणांच्या असतात. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांच्या पुढे वितळायला लागतं. वर पट्ट्याखालून फोकसच्या वायरी नेलेल्या, त्यावर शेकडो पाय. २६ सप्टेंबर २०२३ ला इराकमधल्या काराकोश गावी लग्नाच्या हॉलमध्ये आतषबाजीनं सजावट पेटली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. आपल्या देशात २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीला शाळेच्या कार्यक्रमात सिंथेटिक मांडव पेटून चारशेहून अधिक जण गेले. तो कार्यक्रमही लग्नाच्या हॉलवरच होता.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : जाड, सपाट विणीची सुती सतरंजी किंवा जाजम, भाड्यानं. सुती कापडही पेटतं, पण वितळून अंगाला चिकटत नाही, आणि वजनामुळे जागेवर बसतं. कडा आणि सांधे कापडी टेपनं पूर्ण चिकटवायचे, नुसते चार कोपरे नाहीत. फोटोग्राफर म्हणेल टेप दिसते. दिसू दे. रुंदी चार फूट पुरते, व्हीलचेअर आरामात जाते. साठ फूट लांबीला चार फुटानं २४० चौरस फूट होतात, सहा फुटानं ३६०. दर चौरस फुटावर असेल तर बिल थेट दीडपट, हे कोटेशन घेतानाच लक्षात घ्या. होमकुंडाच्या आसपास पट्टा नकोच. वायरी भिंतीकडेनं न्या.

आणि खर्चाचंच म्हणाल तर आपल्या जुन्या पायघड्या बघा. लग्नात गावचा परीट कापडं अंथरायचा, आणि विहीणबाई पुढे गेल्या की मागचं कापड उचलून पुढे टाकायचा. दोन-तीन कापडांत अख्खी वाट व्हायची! त्याबद्दल त्याला मान आणि मोबदला मिळायचा. आपण मात्र साठ फुटी प्लॅस्टिक एका संध्याकाळपुरतं आणतो आणि सकाळी बरेचदा कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

आता खरा प्रश्न. कुणी घसरून पडलं की कार्यालयवाले म्हणतात डेकोरेटरला विचारा, डेकोरेटर म्हणतो फरशी कार्यालयाची. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे, आणि त्यात जागेचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर जबाबदारी टाकली आहे. मांडवांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानकही आहे. एवढं असताना लाखांनी भाडं घेणाऱ्या कार्यालयानं स्वतःची धुता येणारी, पक्की बसवलेली सतरंजी भाड्यातच द्यायला काय हरकत आहे? महापालिकेच्या अग्निशमन दलानंही कार्यालय तपासताना आत रोज येणारी सजावट, हे कार्पेट धरून, बघायला हवी.

बुकिंग करताना ‘पॅसेजला काय अंथरणार, कोण चिकटवणार, आणि पायरो चालवू देता का’ हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं पावतीच्या मागे लिहून घ्या. कुठलं कार्यालय स्वतःची सतरंजी देतं ते माहीत असेल तर खाली लिहा, माझ्या भाचीचं लग्न माघात आहे.