यंत्र म्हणते ते उत्पन्न, की आपण कमावले ते?

जिल्हा परिषदेचा शिक्षक, एस.टी.चा वाहक, बँकेतला शिपाई, सरकारी रुग्णालयातली परिचारिका. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्कांमुळे ज्यांच्या घरात पहिल्यांदा पगार आला, त्याच घरांत आता आयकर खात्याच्या नोटिसाही येऊ लागल्या आहेत. नोटिशीत म्हटलेले असते की, तुम्ही दाखवलेले उत्पन्न आणि आमच्याकडे नोंदलेले उत्पन्न जुळत नाही. आपला माणूस घाबरतो. आपण चोरी केलेली नाही हे त्याला ठाऊक असते. पण यंत्रापुढे ते सिद्ध कसे करायचे, हे ठाऊक नसते. मग तो त्याच एजंटाकडे धावतो, ज्याने दोन-चारशे रुपये घेऊन पाच मिनिटांत विवरणपत्र भरून दिलेले असते.

विवरणपत्र भरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅन क्रमांक टाकला की पगार, व्याज, कपात झालेला कर सारे आपोआप भरून येते. २०२१ पासून 'वार्षिक माहिती विवरण', म्हणजे एआयएस, सुरू झाले. बँक, मालक, पोस्ट, म्युच्युअल फंड जे कळवतील ते त्यात नोंदले जाते. सोय मोठी आहे. पण कळवणाऱ्याने चूक केली तर ती चूकही आपोआपच भरून येते. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. परंतु यंत्राला जे सांगितले तेच ते बोलते, हेही तितकेच खरे!

चुका ठरावीक आहेत, म्हणून त्या ओळखता येतात. पहिली चूक थकबाकीची. वेतन आयोगाची चार-पाच वर्षांची थकबाकी एकदम हातात पडते आणि सॉफ्टवेअर ती एकाच वर्षाचे उत्पन्न धरते. कायद्याने त्यावर सवलत आहे. पण विवरणपत्राआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरला नाही, तर ती नाकारली जाते. दुसरी चूक कुटुंब निवृत्तिवेतनाची. पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारे निवृत्तिवेतन 'पगार' नव्हे, ते 'इतर उत्पन्न' आहे. त्याला पगाराची प्रमाणित वजावट लागू होत नाही. एक तृतीयांश रक्कम किंवा ठरलेली मर्यादा, यांपैकी जी कमी ती वजावट मिळते. ही मर्यादा जुन्या प्रणालीत १५ हजार आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत २५ हजार रुपये आहे. रकाना चुकला की हिशेब चुकला.

तिसरी चूक कंत्राटी कामगारांची. वर्षाच्या मध्यात कंत्राटदार बदलतो. दोघेही आपापल्या फॉर्म १६ मध्ये करमुक्त मर्यादा आणि वजावट पूर्ण धरतात. दोन्ही पगार एकत्र आले की कर निघतो आणि तो कामगाराच्या बोकांडी बसतो. चौथी चूक संयुक्त खात्याची. मुदतठेव म्हाताऱ्या आईची, पण खात्यावर पहिले नाव मुलाचे. व्याज मुलाच्या उत्पन्नात दिसते.

आणि पाचवी, ती तर चूक नव्हे, लबाडीच आहे. पगारातून कर कापायचा आणि सरकारात भरायचाच नाही. फॉर्म २६एएस मध्ये रक्कम दिसत नाही आणि मागणीची नोटीस मात्र कामगाराच्या नावे निघते. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २०५ स्पष्ट सांगते की, जो कर कापला गेला आहे, त्या रकमेपुरती वसुली कामगाराकडून करता येत नाही. २०१५ साली प्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना तशी सूचनाही दिली. २०२५ च्या नव्या कायद्याने कलमांचे आकडे बदलले, म्हणून पगाराच्या पावत्यांचे मोल कमी झालेले नाही. त्या जपून ठेवा. कर कापल्याचा तोच आपला पुरावा आहे.

पण हा प्रश्न केवळ रकान्यांचा नाही. कायदा मोठा की सॉफ्टवेअर, असा हा प्रश्न आहे. ५ जुलै २०२४ रोजी आयकर खात्याने आपल्या प्रणालीत गुपचूप बदल केला. नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना २५ हजार रुपयांपर्यंत करसवलत होती. ज्यांच्या उत्पन्नात शेअर विक्रीसारख्या विशेष दराचा नफा होता, त्यांना त्यावरील करासाठी ही सवलत मागण्याची सोयच प्रणालीने काढून घेतली. कायदा बदलला नव्हता, संसदेत चर्चा झाली नव्हती. फक्त एक रकाना बंद झाला. करसल्लागारांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की, सवलत मागता येईल असा बदल प्रणालीत करा. सवलत मिळेल की नाही हे नंतर कायद्याने ठरेल. पण मागण्याचा हक्क यंत्र हिरावू शकत नाही. पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने विशेष दराच्या उत्पन्नावर ही सवलत नाही, असे पुढील काळासाठी ठरवले. ते संसदेने केले, तिला तो अधिकार आहे. संगणकापुढे बसलेल्या माणसाला तो नाही. संविधानाचे कलम २६५ हेच सांगते की, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लिहिणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा त्यांनी कसून अभ्यास केला. आणि आपण आपल्याच पगाराचा हिशेब न वाचता एजंटाने दाखवले तिथे बोट ठेवतो! एजंट पाच टक्के घेऊन 'मोठा परतावा' मिळवून देतो, म्हणजे बहुधा न दिलेली देणगी आणि न भरलेला विमा दाखवतो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा १५० ठिकाणी तपासणी केली. काही एजंटांनी तर ग्राहकांच्या नावे तात्पुरते ई-मेल काढले होते. नोटीस तिकडे जाते, ती कुणी वाचत नाही आणि दंड मात्र आपल्या माणसाला होतो. खोट्या परताव्याची ही हाव चळवळीच्या माणसाला शोभणारी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

तेव्हा करायचे काय? मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच नोंदवा. फॉर्म १६, २६एएस आणि एआयएस समोर ठेवून एकेक रक्कम ताडून पाहा. एआयएसमध्ये चुकीची नोंद दिसली तर तिथेच 'ही माहिती माझी नाही', 'ही दुबार आहे' असा अभिप्राय नोंदवा. कळवणाऱ्याने त्यावर काय उत्तर दिले, तेही आता तिथे दिसते. विवरणपत्र भरल्यावर चूक कळली तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरा. ती मुदत गेली तर जादा कर भरून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. परतावा वाढवून घेण्यासाठी मात्र ते चालत नाही.

आणि हे एकट्याने करण्याचे काम नाही. आपल्यात बँक अधिकारी आहेत, लेखापाल आहेत, आयकर खात्यात नोकरी करणारे आहेत. कर्मचारी संघटनांनी विवरणपत्राच्या हंगामात बुद्धविहारांत रविवारी दोन तास बसावे. एक टेबल, एक संगणक, एक जाणकार एवढे पुरे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र जयंतीच्या फलकासाठी नाही. पगाराच्या पावतीपासूनही त्याची सुरुवात होऊ शकते.

जयभीम!