परमुलखातील पहिला दिवस



या महिन्याच्या टपालात इंदूरच्या एका भगिनींचे पत्र आले. त्यांचा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला निघाला आहे. भाजणी, मेतकूट, लोणचे आणि लोकरीचे कपडे भरून झाले. आणखी काय द्यावे, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या अखेरीस मात्र एक ओळ आहे, आणि माझ्या मते खरे पत्र तेवढेच आहे : “पहिल्या दिवशी तेथे त्याच्याशी आपलेपणाने कोण बोलेल, याचीच काळजी लागून राहिली आहे.”

ही काळजी नवी नाही. सप्टेंबर १८८८ मध्ये राजकोटच्या एका मातेने हीच काळजी उराशी बाळगली होती. तिचा मुलगा मोहनदास त्या महिन्याच्या ४ तारखेस मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला निघाला. एकोणिसावा वाढदिवस अद्याप यावयाचा होता. मांस, मद्य व परस्त्री यांपासून दूर राहीन, ही आईपुढे घेतलेली प्रतिज्ञा त्याच्या सोबतीला होती.

गांधीजींनी आपल्या त्या पहिल्या दिवसाची हकीकत आत्मकथेत मोकळेपणाने सांगितली आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख त्यांनी किनाऱ्यावर उतरताना घालण्यासाठी म्हणून मुद्दाम राखून ठेवला होता. उतरून पाहतात तो काय, सप्टेंबरअखेरच्या त्या थंडीत पांढरे कपडे घातलेले तेच एकटे! बाकीचे करीत होते म्हणून त्यांनीही आपले सारे सामान, किल्ल्यांसकट, एजंटाच्या हवाली केले होते. वार शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवारची सुटी असल्यामुळे सामान मिळणार नाही, असे लंडनच्या हॉटेलात पोहोचल्यावर कळले. म्हणजे ज्या कपड्यांची लाज वाटत होती, त्यांतच आणखी एक दिवस काढणे आले. त्याच हॉटेलात त्यांनी पहिल्यांदा ‘लिफ्ट’ पाहिली. बसण्याची खोलीच असावी अशा समजुतीने ते आत शिरले, आणि दार उघडले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पोहोचले होते!

रात्री आठच्या सुमारास डॉ. प्राणजीवन मेहता भेटीस आले. गांधीजींनी त्यांना आधी तार केली होती. बोलता बोलता गांधीजींनी डॉक्टरांची उंच टोपी सहज उचलली आणि तिचा मऊपणा पाहण्यासाठी उलट दिशेने हात फिरविला. टोपीची लव विस्कटली. डॉक्टर किंचित रागावले, त्यांनी थांबविलेही; पण ते उठून गेले नाहीत. उलट त्यांनी धडाच दिला : दुसऱ्याच्या वस्तूस हात लावू नये, पहिल्याच भेटीत आपल्याकडे विचारतात तसे प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये, बोलताना उठल्यासुटल्या ‘सर’ म्हणू नये. हॉटेल फार महाग पडते, एखाद्या कुटुंबात राहावे, हा सल्लाही त्यांनीच दिला. तो किती खरा होता, हे हॉटेलाच्या तीन पौंडांच्या बिलाने सांगितले. नव्या बिऱ्हाडी रात्री घराच्या आठवणीने गांधीजींच्या डोळ्यांना धार लागे. ते दुःख कोणालाच दूर करता येणारे नव्हते. परंतु वाट दाखविणारा एक माणूस तरी त्या शहरात होता.

याच्या पाचच वर्षे आधी, अशाच वयाची एक मराठी मुलगी याहून दूरच्या किनाऱ्यावर उतरली होती. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा त्यांना अठरा वर्षे पुरी होऊन दोन महिने झाले होते. पती सोबत नव्हते. धक्क्यावर मात्र त्यांची वाट पाहत एक बाई उभी होती. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या या कार्पेंटरबाईंनी १८८० साली, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना, एका मासिकात जोशी दांपत्याविषयीचा मजकूर वाचला होता आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिले होते. दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला, आणि आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. इकडे पहिल्या भेटीची वेळ आली, तोवर तिकडे नाते जुने झाले होते. आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळविली. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि बाईंनी त्यांना आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत जागा दिली.

म्हणून इंदूरच्या भगिनींना सांगावेसे वाटते : पेटीत भाजणीबरोबर एका माणसाचा पत्ता घाला. अनेक जर्मन विद्यापीठांत नवागताच्या सोबतीला जुना विद्यार्थी देण्याची योजना असते. मुलाने येथून निघण्यापूर्वीच अशा सोबत्याला पत्र लिहावे, म्हणजे भेट होईल तेव्हा ओळख कोवळी राहणार नाही. पारपत्र, प्रवेशपत्र आणि राहण्याचा पत्ता कागदावर छापून हातपिशवीत ठेवावा. मोबाइल ऐन वेळी निजतो. अंगावर घालण्याचा एक जोड आणि थोडे खाणे त्याच पिशवीत असावे. पोहोचण्याचा वार पाहून तिकीट काढावे, कारण जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हे ध्यानात ठेवून पहिल्या रात्री त्याच्या फोनची वाट पाहा. आवाज रडवेला आला, तर घाबरू नका.

ज्याला पहिल्या दिवशी कोणी सावरले, त्याच्यावर एक ऋण राहते. गांधीजी ते विसरले नाहीत. दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर, १८९३-९४ च्या सुमारास, त्यांनी लंडनला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहावयास घेतली. कोणी जावे, खर्च किती येतो, काय खावे, हे तर तीत आहेच; पण बरोबर न्यावयाच्या कपड्यांची यादीही आहे. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. तरी पांढऱ्या फ्लॅनेलात ओशाळलेल्या मुलाने आपल्या मागून येणाऱ्यासाठी कपड्यांची यादी करावी, यातच सारे आले.

माझ्यापुरते बोलावयाचे, तर मी परदेश पाहिलेला नाही. परंतु बारा वर्षांपूर्वी साताऱ्याहून नोकरीसाठी दिल्लीस आले, त्या संध्याकाळी बिऱ्हाडाचे दार लावून मी ट्रंकेवर बसून राहिले होते. दारावर थाप पडली. शेजारच्या पंजाबी बाई होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “येथे पाणी पहाटे पाचला येते आणि सातला जाते. बादली नसेल तर माझी घेऊन जा.” त्यांची भाषा मला अर्धीच कळली; बादली मात्र पूर्ण कळली.

आपल्या इमारतीतही कोणी ना कोणी नुकतेच आले असेल. त्याचा मुलूख कोणता, हे मग विचारता येईल. आधी पाण्याची वेळ सांगावी.