घरचा हिशेब : चिन्ह बदलले, रक्कम तीच

लाल कापडी बांधणीची जमाखर्चाची वही आता फार थोड्या घरांत उरली आहे. तिच्या जागी संगणकावरचा किंवा भ्रमणध्वनीवरचा तक्ता आला. तो ऑनलाइन असल्यामुळे नाशिकची बहीण आणि परदेशातला भाऊ एकाच पानावर लिहू शकतात. सोय मोठीच आहे. परंतु वहीत रुपयाचे चिन्ह आपण आपल्या हाताने काढीत असू. तक्ता ते आपल्या वतीने काढतो, आणि काढण्यापूर्वी विचारीत नाही. गेल्या वर्षी यावरून आमच्या घरात जे घडले ते सांगण्यासारखे आहे, कारण त्यात चूक माझीच होती.

आई माझ्याकडे बंगळूरला असते. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा खर्च तिघा भावंडांनी सारखा वाटून घ्यावा असे ठरले. दादा न्यू जर्सीत राहतो. तक्ता त्यानेच तयार केला. साहजिकच त्या तक्त्याचे ‘स्थळ’ अमेरिका होते. मी रुग्णालयाच्या देयकाचा २८५००० हा आकडा भरला मात्र, त्याच्या डोक्यावर डॉलरचे चिन्ह बसले आणि स्वल्पविराम हजाराच्या जागी पडला. लाखाची सवय असलेल्या डोळ्यांना ती रक्कम परकी वाटली. मी सारा रकाना निवडला, ‘फॉरमॅट’मधून ‘नंबर’ व तेथून ‘कस्टम करन्सी’ गाठून भारतीय रुपया पसंत केला. क्षणात सगळीकडे ₹ उमटला आणि मी समाधानाने तक्ता मिटला.

त्याच रकान्यात दादाच्या तीन नोंदी होत्या, दरमहा चारशेच्या. ते चारशे डॉलर होते. माझ्या एका कळीने त्यांचे चारशे रुपये झाले.

रात्री ताईचा फोन आला. “तीन महिन्यांत दादाने बाराशे रुपये दिले? आईसाठी?” एवढेच ती म्हणाली, पण ज्या स्वरात म्हणाली तो अजून कानांत आहे. मलाही तेव्हा उलगडा झाला नाही. उलट मनात आले, की परदेशी गेलेली माणसे अशीच. दहा दिवस दादाशी आम्ही दोघी तुटकपणे बोललो. अकराव्या दिवशी त्याने स्वतःच तक्ता उघडला आणि विचारले, “अगं, माझे डॉलर गेले कुठे?” त्याने पाठवलेली रक्कम बँकेत लाखाच्या थोडी वर जमा झालेली होती. त्याचा वाटा पंच्याण्णव हजारांचा होता.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की तक्त्यात आकडा आणि त्याचे दर्शनी रूप ही दोन निरनिराळी असतात. चिन्ह, दशांश, स्वल्पविराम ही रूपाची अंगे होत. ती बदलल्याने मूळ आकड्याला धक्का लागत नाही, आणि डॉलरचे रुपयांत रूपांतर तर मुळीच होत नाही. चलनांतर हा गुणाकार आहे, आणि तो आपल्यालाच करावा लागतो.

आमच्या देशाने हे दोन्ही बदल एकदमच अनुभवले आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे मोल तेच राहिले. मात्र सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै यांऐवजी त्याचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा अपूर्णांक नाण्यांत देता येणार कसा? चार, आठ आणि बारा आणे तेवढे नेमके जुळत, पंचवीस, पन्नास व पंच्याहत्तर असे; बाकीच्यांत कोणाचे तरी थोडे जाई. लोकांना गोंधळ होऊ नये म्हणून नव्या पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असे छापलेले असे. ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ पासून गळला. चार आणे मात्र बोलण्यात राहिले. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले तरी ते राहिलेच आहेत.

त्यापूर्वीच्या मराठी वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, की साडेपाच रुपये ५॥ असे लिहीत व सव्वापाच ५। असे. पावकी-निमकी घोकलेल्या कारकुनाला त्यात काही अवघड नव्हते. ₹ हे चिन्ह त्या मानाने कालचे. डी. उदयकुमार यांनी देवनागरी र आणि रोमन आर यांच्या मेळातून ते रेखाटले. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारले.

आम्ही पुढे तक्ता सुधारला तो असा. ‘फाइल’मधील ‘सेटिंग्ज’मध्ये ‘लोकेल’ म्हणजे स्थळ असते, ते भारत केले. त्याने तारखांचीही रीत बदलते. म्हणून ५/४ ही नोंद पाच एप्रिलची की चार मेची, हे जुन्या ओळींतून एकदा पाहून घेतले. मग एका रकान्याचे चार केले : मूळ रक्कम, तिचे चलन, त्या दिवसाचा दर, आणि रुपये. दर आपोआप आणणारे ‘गूगल फायनान्स’ नावाचे सूत्र गूगल शीट्समध्ये आहे. ते दादाने सुचवले. मी नको म्हटले. तो दर रोज हलतो, आणि त्याच्या मागोमाग मार्चमध्ये दिलेली रक्कमही जूनमध्ये हलू लागेल. बँकेत प्रत्यक्ष जमा झालेले रुपये लिहावे, हेच बरे.

आणखी एक. आईने औषधांच्या नोंदी स्वतः भरल्या, त्या ‘रु. ५००/-’ अशा, जुन्या शिस्तीने. तक्ता त्यांना आकडा न मानता मजकूर मानतो आणि बेरजेत चक्क वगळतो, तेही न सांगता. अशा नऊ ओळी निघाल्या. मी त्यांतून ‘रु.’ आणि ‘/-’ काढू लागले तेव्हा आई शेजारी बसून पाहत होती. “तिरपी रेघ काढलीस तर पुढे कोणीही शून्य वाढवील,” ती म्हणाली. तिचे म्हणणे वहीच्या बाबतीत अगदी खरे होते. ताईने दादाला फोन केला तो त्याच संध्याकाळी. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.