अटलांटिक सिटीचे कॅसिनो बुडाले कसे?

न्यू जर्सीत ऑनसाईट आलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या यादीत चार गोष्टी असतात: स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगारा, एडिसनमधला वडापाव आणि अटलांटिक सिटी. पहिल्या तिन्हींबद्दल लोक नंतर भरभरून बोलतात. अटलांटिक सिटीचं विचारलं की "अरे, आता काही राहिलं नाही तिथे" एवढंच. का नाही राहिलं, याचं उत्तर मात्र प्रत्येकाकडे तयार असतं. कोणी म्हणतं मंदी, कोणी सँडी वादळ, आणि हल्ली तर सगळं खापर ट्रम्पतात्यांच्या माथी.

मला यातलं एकही उत्तर पुरेसं वाटत नाही. सँडी आलं २०१२च्या ऑक्टोबरात, कॅसिनोंची घसरण सुरू झाली २००७ साली. मंदीने लास व्हेगासलाही झोपवलं होतं, पण ते उठून बसलं. आणि २०१४ साली जे चार कॅसिनो एकामागोमाग बंद पडले, त्यातल्या एकावरच ट्रम्पचं नाव होतं.

माझं मत असं आहे की अटलांटिक सिटीने जुगार कधी विकलाच नाही. तिने विकली ती मक्तेदारी. आणि ती मक्तेदारी तिच्या हातात नव्हती, आजूबाजूच्या राज्यांच्या हातात होती.

थोडा इतिहास. हे मूळचं समुद्रकिनाऱ्याचं सुट्टीचं गाव. १८५४ साली रेल्वे आली, १८७० साली लाकडी बोर्डवॉक झाला. आपण लहानपणी जो नवा व्यापार खेळायचो त्याच्या अमेरिकन मोनोपॉलीच्या पटावरचे रस्ते म्हणजे याच गावातले रस्ते. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, लोक फ्लोरिडाला जायला लागले आणि साठीच्या दशकात गावाची रया गेली. मग १९७६ साली न्यू जर्सीत सार्वमत झालं, फक्त याच एका शहरात कॅसिनोला परवानगी मिळाली आणि १९७८च्या मे महिन्यात रिसॉर्ट्स इंटरनॅशनल उघडला. नेवाडाबाहेर अमेरिकेतला हा पहिला कायदेशीर कॅसिनो!

आता विचार करा. न्यूयॉर्क दोन-अडीच तासांवर, फिलाडेल्फिया फक्त साठ मैलांवर. कोट्यवधी लोक, आणि पत्ते खेळायचे किंवा स्लॉट मशीनचा खटका ओढायचा तर अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर एकच जागा. अशा वेळी धंदा करायला अक्कल लागत नाही हो! कॅसिनोवाले बसेस सोडायचे. वीस डॉलरचं तिकीट काढलेल्या आजी-आजोबांना उतरल्यावर नाण्यांचा रोल किंवा कुपन हातात मिळायचं, म्हणजे तिकीट जवळपास फुकट. दुपारी बुफे, संध्याकाळी परत घरी. मशीनपुढे बसलेल्या माणसाने समुद्र बघितला काय, न बघितला काय, सारखंच.

इमारतींची रचनाही तशीच. एक्स्प्रेसवेवरून उतरायचं, पार्किंगच्या इमारतीत गाडी लावायची, पुलावरून थेट खेळाच्या मजल्यावर. खिडकी नाही, घड्याळ नाही. गिऱ्हाईक चुकूनसुद्धा बाहेरच्या रस्त्यावर येणार नाही याची चोख व्यवस्था. म्हणजे गावात अब्जावधी डॉलर आले, पण गावातल्या छोट्या हॉटेलवाल्याला, दुकानदाराला त्यातलं किती मिळालं? या शहरात कित्येक वर्षं एक धड सुपरमार्केट नाही. २०२१ साली एकाचं भूमिपूजन झालं, राज्यपाल वगैरे हजर होते, पण दुकान काही उभं राहिलं नाही.

आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सगळी सिस्टिम एकाच खांबावर, आणि तो खांब दुसऱ्याच्या सर्व्हरवर. पहिला हादरा १९९२ साली बसला, कनेक्टिकटमध्ये फॉक्सवुड्स सुरू झाला तेव्हा. पण बाजार वाढत होता म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. २००३ साली बोर्गाटा उघडला आणि सगळ्यांना वाटलं आपलंही व्हेगास होणार. २००६ साली उत्पन्न ५.२ अब्ज डॉलरवर पोचलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातले पहिले कॅसिनो उघडले.

इथे एक गंमत आहे. न्यू जर्सी कॅसिनोच्या उत्पन्नावर ८ टक्के कर घेतं. पेनसिल्व्हेनिया स्लॉटवर निम्म्याहून जास्त घेतं! कागदावर बघितलं तर पेनसिल्व्हेनियाचा कॅसिनो टिकायलाच नको. पण २०१२ साली त्या राज्याने अटलांटिक सिटीला मागे टाकलं. कारण फिलाडेल्फियाच्या आजीला कराशी काही देणंघेणं नाही. तिला घरापासून वीस मिनिटांवर तेच मशीन, तेच दिवे, तोच आवाज मिळाला, मग ती एक-दीड तास बसमध्ये कशाला बसेल? समुद्रासाठी? समुद्र तर तिला कोणी दाखवलाच नव्हता. पुढे न्यूयॉर्क, मेरीलँड सगळेच मैदानात उतरले. २०१५ पर्यंत अटलांटिक सिटीचं उत्पन्न २००६च्या निम्म्याखाली गेलं.

आता यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की कॅसिनो काय करतो? उरलेल्यांकडून जास्त काढतो. फुकट पार्किंग जातं, फुकट जेवण जातं, दहा डॉलरचं टेबल पंचवीसचं होतं. गणितच करून बघू. अमेरिकन रुलेच्या चाकावर ३८ घरं, पैसे मिळतात ३६ घरं असल्यासारखे. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी ५.२६ डॉलर कॅसिनोचे. दहा डॉलर लावत तासाला ४० फेऱ्या खेळलात तर करमणुकीचा भाव तासाला २१ डॉलर. ठीक आहे, सिनेमापेक्षा महाग, पण चालतंय. तेच टेबल पंचवीसचं झालं की भाव ५२ डॉलरच्या वर.

ब्लॅकजॅकमध्ये तर आणखी हुशारी. पूर्वी ब्लॅकजॅक लागला की दहावर पंधरा मिळायचे, आता बऱ्याच टेबलांवर बारा मिळतात. हा हात साधारण एकवीस डावांतून एकदा येतो, त्यामुळे तीन डॉलरची ही कात्री पटकन लक्षात येत नाही. पण नेहमीच्या खेळाडूला कळतं. टक्केवारी त्याला नसेल मांडता येत, पण पूर्वी शंभर डॉलर पाच तास पुरायचे आणि आता दोन तासांत खिसा रिकामा होतो एवढं त्याला नक्की कळतं. मग तोही घराजवळच्या कॅसिनोकडे वळतो. गिऱ्हाईक घटलं म्हणून भाव वाढवला, भाव वाढवला म्हणून गिऱ्हाईक घटलं. इन्फायनाइट लूप, बाहेर पडायची कंडिशनच नाही.

यातून सुटायचा एक प्रयत्न झाला, रेव्हेल. २.४ अब्ज डॉलरचा काचेचा मनोरा, २०१२च्या एप्रिलमध्ये उघडला. बसवाले नकोत, बुफे नको, धूम्रपान नको, फक्त उच्चभ्रू पाहुणे. हेतू चांगला होता. पण आजी-आजोबांना हाकललं आणि उच्चभ्रू आलेच नाहीत, कारण त्यांना व्हेगासचं विमान आहे. २०१४च्या सप्टेंबरात रेव्हेल बंद. नंतर ती इमारत विकली गेली ८.२ कोटी डॉलरला. त्या एका वर्षात चार कॅसिनो मिळून सुमारे ८००० लोकांची नोकरी गेली. शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत! डीलर, वेटर, खोल्या आवरणाऱ्या बायका, त्यात बांगलादेशी आणि गुजराती कुटुंबंही पुष्कळ. आपल्याकडे एखाद्या कंपनीने बेंचवरचे शंभर लोक काढले तरी आठवडाभर ईमेल फिरतात. इथे दुसरी कंपनीच नव्हती. कॅसिनोंकडून येणारा मालमत्ता कर आटला आणि २०१६ साली राज्य सरकारने शहराचा कारभार आपल्याकडे घेतला.

आज तिथे नऊ कॅसिनो आहेत. रेव्हेलचं ओशन झालं, ताजमहालचं हार्ड रॉक, दोन्ही २०१८ साली. पण खरा पैसा फोनवर चाललाय. २०२४ साली न्यू जर्सीत कॅसिनोत जाऊन खेळणाऱ्यांकडून २.८ अब्ज आले आणि इंटरनेटवरून २.४ अब्ज. सोफ्यावर बसून खेळणाऱ्याला वेटर लागत नाही. पार्किंगवालाही लागत नाही.

"आपल्याला काय त्याचं?" असं कोणी विचारेल. सांगतो. १९७६ साली, म्हणजे न्यू जर्सीत सार्वमत झालं त्याच वर्षी, महाराष्ट्रानेही कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली सरकारने तो रद्द केला. इतकी वर्षं तो नुसता कागदावर पडून होता, म्हणून मुंबई-पुण्याचा माणूस मांडवीवरच्या बोटींवर जातो. गोव्यात जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला त्यावर चिक्कार चर्चा झाली. पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण बघता कराने एवढं बिघडत नाही, अंतराने बिघडतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. म्हणजे गोव्याच्या कॅसिनोंभोवतीच्या दोन मोठ्या भिंती, एक मुंबईने बांधलेली आणि एक दिल्लीने. पणजीत एकही नाही.

बोटी मांडवीतून हलवाव्यात की नाही यावर पणजीत वर्षानुवर्षं वाद चाललाय. बोटींवर किती लोक कामाला आहेत, आणि उद्या मुंबईतल्या एखाद्या सरकारला महसुलाची चणचण भासली तर ते कुठे जातील, हा प्रश्न त्या वादात मी तरी अजून ऐकलेला नाही.